चिवड्याच्या डब्यात ठेवलेल्या कार्डाची हकीकत

श्रीकुलस्वामिनी प्रसन्न असो आणि वाचणाराचा खिसा शाबूत असो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, कार्तिक शुद्ध पंचमी, ते दिवशी जे वर्तमान जाहले ते पदरचे काही न घालता लिहिले आहे. एक राज्य होते, नाव लिहावयाची आज्ञा नाही. राज्याचा विस्तार तीन खोल्या व एक गॅलरी. तेथील धनी दिगंबरपंत, त्यांचे कुटुंब सुमेधाबाई आणि मातुश्री, ऐसे त्रिवर्ग भाऊबीज आटोपून, फराळाचे डबे बांधून, समुद्रस्नानाचा मनसुबा करून कोकणपट्टीस स्वारीस निघाले. धनी स्वभावे उतावीळ, चित्त म्हणून ठिकाणावर नाही. बसले की उठावे, उठले की खिसा चाचपावा, चाचपून पुन्हा बसावे. राज्याची दौलत दोन क्रेडिट कार्डांत होती, म्हणोन निघतेसमयी सुमेधाबाईंनी मसलत दिली की, "एक तुम्ही ठेवा, एक मी ठेवते. आणि कुठे ठेवलं ते एकमेकांना सांगून ठेवू." धनी बोलिले, "हळू बोल. भिंतीलाही कान असतात." बाई म्हणाल्या, "मग भिंतीला नका सांगू, मला सांगा." परंतु धनी कोणास काही सांगते ना.

मग मुक्काम समुद्रकाठच्या एका लॉजात पडला, आणि धन्यांची खरी मोहीम तेथे सुरू जाहली. कार्ड प्रथम मोज्यात ठेविले, आणि मोजा ओला होईल म्हणोन उशीच्या अभ्र्यात घातले, आणि अभ्रा धुण्यास नेतील म्हणोन गादीखाली सरकविले, मग आरशामागे, मग पंचांगात, मग टॉवेलाच्या घडीत, ऐशा सहा जागा जाहल्या, आणि सातवे खेपेस पहाटे चिवड्याच्या डब्याचा तळाचा कागद उचलून त्याखाली दडविले, आणि मनी संतोष मानिला की चोर कितीही हुशार असला तरी चिवड्यात हात घालणार नाही. मग उजाडल्यावर उभयता स्नानास गेली. मातुश्रींचे गुडघे दुखत होते, त्या मागे राहिल्या. इतकियात शेवंती नामे बाई खोली झाडावयास आली, आणि मातुश्रींनी तीस घरदार विचारिले, घरी दोन लेकरे असे कळले, तेव्हा मातुश्री म्हणाल्या, "सणाचं रिकाम्या हाताने कुणाला पाठवतात का? ने हा चिवडा पोरांना," आणि सगळा डबाच हाती दिला. डबा स्टीलचा असता तर मातुश्रींनी प्राण गेला तरी दिला नसता. परंतु तो श्रीखंडाचा रिकामा झालेला प्लॅस्टिकचा डबा, तो दिल्यावाचून राहवेना. मग मातुश्रींनी पाय पसरले आणि त्यांचा डोळा लागला.

दोन प्रहरी धनी परतले आणि कार्ड पाहो लागले. मोजा उलटा केला, अभ्रा फाडिला, गादी भिंतीस उभी केली, आरसा उतरविला. मातुश्री पलीकडील खाटेवर घोरत होत्या, त्यांस कोणी विचारिले नाही. सातवी जागा काही केल्या आठवेना, कारण धन्यांनी जागा इतक्या बदलिल्या की चोराऐवजी आपणच फसले. मग बँकेस फोन लावून कार्ड बंद करविले, हे एक शहाणपण त्या दिवशी त्यांचे हातून घडले. तेथेच थांबते तर ही हकीकत लिहावी लागती ना. परंतु धनी जिना उतरून ओरडत गेले की, "चोरी झाली! खोलीत झाडणाऱ्या बाईशिवाय कुणी आलं नाही!" आणि लॉजाच्या मॅनेजरांनी घरी निघालेल्या शेवंतीस दारात अडवून, जेवणाऱ्या पाहुण्यांदेखत पिशवी उघडविली आणि डबा टेबलावर पालथा केला. शेंगदाणे घरंगळले, कढीलिंब उडाला, आणि वरी कार्ड पडले.

मॅनेजर म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." शेवंतीने रिकामी पिशवी छातीशी धरिली. ती म्हणाली, "माका आजयेन डबो दिल्यान. आत काय होता ता माका म्हायत नाय. तेरा वर्सा हयसर लॉजात केर काढतंय." कोणी ऐकेना. आणि कार्डास लागलेली हळद पाहताच धन्यांस पहाट आठवली. येथे त्यांनी एकच वाक्य बोलावयाचे होते. परंतु त्यांनी पंख्याकडे पाहिले, आणि चष्मा पुसला, आणि चप्पल काढून पुन्हा घातली. लेखकास ते क्षण लिहिताना राग येतो, म्हणोन साफ लिहितो की धनी भ्याले. एका बाईची भाकरी जात होती आणि हे आपली अब्रू चाचपीत होते. तेव्हा मागोमाग जिना उतरलेल्या सुमेधाबाई त्यांजकडे टक लावून बोलिल्या, "कुठे ठेवलं होतंत?" मग धनी खाली मान घालून पुटपुटले, "मीच ठेवलं. डब्यात."

मॅनेजर हसले, "गैरसमज झाला, जा बाई," म्हणाले. सुमेधाबाईंनी आपले दुसरे कार्ड काढून, रक्कम वाचून, हाताचा आडोसा करून पिन दाबिला आणि कालच्या जेवणाचे बिल भागविले. धन्यांनी पाचशेच्या दोन नोटा शेवंतीपुढे केल्या. ती नोटांकडे पाहीना. म्हणाली, "पैशे नको. पिशवी सगळ्यांसमोर उघडलास, आता सगळ्यांसमोर सांगा." तेव्हा धनी पानावर बसलेल्या वीस-पंचवीस माणसांकडे वळले, हात जोडिले, आणि मोठ्याने बोलिले की, "कार्ड मी ठेवलं आणि मीच विसरलो. या बाईंनी चोरी केलेली नाही." आवाज फाटला, तरी शेवटच्या टेबलापर्यंत पोचला.

सारांश, प्रवासात कार्डे दोन असावी, दोघांपाशी असावी, आणि जागा घरच्या माणसास ठाऊक असावी. हरवले वाटता बँकेस आधी सांगावे, आणि कोणास चोर म्हणण्यापूर्वी घटकाभर स्वस्थ बसून स्वतःस विचारावे. दुसरे दिवशी शेवंती कामास आली, तिने एक सोडून सर्व खोल्या झाडिल्या. धन्यांची खोली धन्यांनी झाडिली. इतके वर्तमान.