सिस्टरांचा पेशंट

आमच्या शेजारच्या कांबळे सिस्टर गाडीच्या इंजिनाला स्टेथोस्कोप लावतात. अगदी रीतसर लावतात. बॉनेट उघडायचं, नळ्या कानात घालायच्या, चकती इंजिनाच्या झाकणावर टेकवायची आणि डोळे मिटायचे. तेवढ्यात कुणी बोललंच, तर डाव्या हाताचं बोट वर करून त्याला गप्प करायचं. सांगलीतल्या आमच्या कॉलनीत हे बघायला आता कुणी थांबत नाही. नवे भाडेकरू तेवढे थांबतात.

सिस्टरांची सगळी नोकरी मिरजेच्या एका इस्पितळात, ऑपरेशन थिएटरमध्ये झाली. निवृत्त झाल्या तरी पेशंट काही सुटले नाहीत, नुसते बदलले. एकदा आमचा मिक्सर बंद पडला. बायकोनं ते सहज त्यांच्या कानावर घातलं, तर त्या आल्या, खुर्ची ओढून मिक्सरसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "हिस्ट्री सांगा."

"अहो, बंद पडलाय," बायको म्हणाली.

"ते लक्षण झालं. हिस्ट्री सांगा. शेवटचं काय खाल्लं होतं?"

शेवटी बायकोला कबूल करावं लागलं, की तिनं त्यात हळकुंडं घातली होती. सिस्टरांनी मिक्सरच्या पाठीवर हात ठेवून ताप पाहिला आणि संध्याकाळपर्यंत विश्रांती सांगितली. संध्याकाळी तो खरंच सुरू झाला. तेव्हापासून आमच्या घरात माझ्या शब्दाला होती नव्हती ती किंमतही गेली.

"घाबरायचं नाही, पण दुर्लक्ष करायचं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाण्याच्या मोटारीला, गळक्या नळाला आणि माझ्या सुटलेल्या पोटाला त्या ते सारख्याच गांभीर्यानं ऐकवतात.

पण त्यांचा खरा लाडका पेशंट म्हणजे त्यांची जुनी पांढरी गाडी. दर रविवारी सकाळी ती घेऊन त्या कुंडलला धाकट्या भावाकडे जायच्या आणि अंधार पडताना परत यायच्या. हा भाऊ, बाळू, पूर्वी वडापची, गावोगावचे प्रवासी भरून नेणारी जीप चालवायचा. सिस्टरांना गाडी चालवायला त्यानंच शिकवलं, आणि तेही याच गाडीवर. अलीकडे त्याचं डोकं विसरायला लागलं होतं. त्याबद्दल सिस्टर जास्त बोलत नसत आणि आम्हीही विचारत नसू.

मध्यंतरी गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायला झाला. बेल्ट तुटला तर इंजिनाचं वाटोळं होतं, म्हणून सिस्टरांनी कुपवाडच्या संपतच्या गॅरेजमध्ये तो वेळेवर बदलून घेतला. गाडी घरी आली ती थरथरतच. रस्त्यावर धड पळायची, पण उभी करून इंजिन नुसतं चालू ठेवलं, की अंगात हीव भरल्यासारखी हलायची. आवाजही तुटक येत होता.

त्या रविवारी सिस्टर कुंडलला गेल्या आणि दुपारीच परत आल्या. गेटपाशी मी विचारलं, "लवकर आलात?" त्यांनी नुसती मान हलवली आणि गाडीला कुलूप लावून आत गेल्या. ते ठरलेलं वाक्य ऐकवल्याशिवाय त्या माझ्यासमोरून गेल्या, असं पहिल्यांदाच घडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या दारात हजर. "अहो, गॅरेजला चला. येत्या रविवारच्या आत ही बरी झाली पाहिजे."

"त्यात काय एवढं? माझी गाडी घेऊन जा की रविवारी."

"तुमची चालणार नाही."

"अहो, नवी कोरी आहे!"

"म्हणूनच चालणार नाही."

मला राग आला. माझी गाडी मी तळहातावरच्या फोडासारखी जपतो. सिग्नलला तीस सेकंद उभं राहायचं असलं तरी इंजिन बंद करतो. पेट्रोल जळताना माझ्याच्यानं बघवत नाही. अशा गाडीला ही बाई नाही म्हणते म्हणजे काय! पण सिस्टर तोवर गाडीत जाऊन बसल्या होत्या, आणि मुकाट्यानं शेजारी बसण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं.

संपत हा तोंडात सुपारी आणि कपाळावर आठी असलेला माणूस. त्यानं गाडीचा आवाज ऐकला, प्लग काढून पाहिले, बदलले. सिस्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि मान हलवली. त्यानं प्लगच्या वायरी बदलल्या. पुन्हा नकार. एअर फिल्टर झाडला, कुठं नळी सुटलीय का ते पाहिलं. सिस्टरांचे डोळे मिटलेले आणि मान आडवीच.

"आवं सिस्टर, चालतीया की गाडी!" संपत वैतागला. "जुनं इंजान हाय, जरा हलायचंच."

"सलाईन लावलेलं माणूसपण श्वास घेतं, संपतराव. त्याला बरं म्हणायचं का?"

संपतनं माझ्याकडे बघितलं. मी गॅरेजच्या छताकडे बघितलं.

"हिस्ट्री सांगा," सिस्टर म्हणाल्या. "बेल्ट बदलायच्या आधी ही थरथर होती?"

"न्हवती."

"नंतर आली?"

"आता... व्हय, नंतरच म्हनायची."

"मग बाकीचं कशाला चाचपताय? टाके उघडा."

संपतच्या कपाळावरची आठी आणखी खोल गेली. "बेल्ट म्या सोता बसीवलाय. माझं काम चुकत न्हाई. कुनालाबी इचारा."

"मोठमोठे सर्जनपण असंच म्हणायचे. आणि ते खोटं बोलत नव्हते. म्हणूनच तर पोट शिवायच्या आधी आम्ही कापसाचे बोळे मोजायचो. मोजलं म्हणजे सर्जनचा अपमान होत नाही."

संपत पान्हा घेऊन वाकला. बाजूचं झाकण निघालं, इंजिन फिरवून खालच्या चाकावरची खूण जागेवर आणली, आणि संपत तसाच वाकून राहिला. वरच्या चाकावरची खूण जिथं यायला हवी होती, तिथून एक दात मागं होती. दोन्ही चाकांना एकाच पट्ट्यानं बांधलेलं असतं, ती एका तालात फिरायला हवीत. वरचं जरासं मागं राहिलं, की इंजिनाचा श्वास अडतो. एवढं मलासुद्धा कळलं.

"ताण देताना सरकला जनू," संपत हळूच म्हणाला. "मग हातानं दोन फेरं फिरवून खुना परत बघाय लागत्यात. त्या दिशी गिऱ्हाइकाचा फोन आला, आन् ऱ्हायलं."

"बोळे मोजायचे राहिले," सिस्टर म्हणाल्या. संपतनं बेल्ट पुन्हा बसवला, पान्ह्यानं इंजिन हातानं फिरवलं, खुणा पाहिल्या, परत फिरवलं, परत पाहिल्या. मलाही वाकवून दाखवल्या. साक्षीदार हवा म्हणाला.

गाडी सुरू झाली. सिस्टरांनी स्टेथोस्कोप लावला, थोड्या वेळानं नळ्या कानातून काढल्या आणि नुसत्याच ऐकत उभ्या राहिल्या. इंजिन एका सुरात चालत होतं. "हं," त्या म्हणाल्या, "हीच ती." त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि गॅरेजमध्ये फार धूर असतो असं संपतला सुनावलं.

रविवारी त्यांनी मला कुंडलला बरोबर नेलं. का, ते सांगितलं नाही. वाटेत त्या खुशीत होत्या. दुतर्फा उसाचे फड लागले, तसं पेट्रोल वाचवायच्या माझ्या सवयीवरून त्यांनी मला यथेच्छ चिडवलं. गल्लीच्या वळणावर मात्र त्यांनी कान इंजिनाकडे लावला. घरासमोर गाडी उभी केली आणि इंजिन चालूच ठेवलं.

दार उघडलं. पांढऱ्या सदऱ्यातला एक उंच म्हातारा लगबगीनं बाहेर आला.

"आक्का आली! सूनबाई, च्या टाक गं, आक्का आली!"

त्याच्या मागून सून बाहेर आली. "गेल्या रविवारी गाडीचा आवाज ऐकून मामंजी म्हनलं, कुनाची तरी गाडी हाय, आपली न्हवं," ती मला म्हणाली. "आत्यास्नी वळखलंच न्हाई. दुपारपत्तूर तोंड फिरवून बसलं."

सिस्टर उतरल्या. भावानं त्यांचा हात धरला आणि अंगणातल्या बाजेवर बसवलं. त्यांनी पिशवीतून आणलेली केळी त्याला सोलून दिली. मी गाडीतच होतो. गाडी उभी, इंजिन चालू, पेट्रोल जळतंय. हात सवयीनं किल्लीकडे गेला आणि मी इंजिन बंद केलं.

बाजेवरचं बोलणं थांबलं. म्हाताऱ्यानं हातातल्या केळ्याकडे पाहिलं, मग सिस्टरांकडे पाहिलं, आणि अदबीनं जरा सरकून बसला. "बाई, तुमी कुनाकडं आलाय?"

"तुझ्याकडंच रं," सिस्टर म्हणाल्या. त्याला ते पटलं नाही. तो गल्लीच्या वळणाकडे बघायला लागला. "आक्का यायची हाय माझी. रविवार हाय न्हवं?"

सिस्टर माझ्यावर रागावल्या नाहीत. डाव्या हाताचं बोट वर करून त्यांनी मला नुसती गाडीकडे खूण केली. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मी ड्रायव्हरच्या सीटवर सरकलो आणि किल्ली फिरवली.

इंजिन लागलं. म्हाताऱ्यानं मान वळवली आणि त्याचा चेहरा उजळला.

"आक्का! कवा आलीस?"

"ही काय, आत्ताच येतीया," सिस्टर म्हणाल्या, आणि उरलेलं केळं त्याला भरवायला लागल्या.

चहा मला सुनेनं गाडीतच आणून दिला. तो पिऊन झाला, दुपार झाली, पेट्रोलचा काटा खाली जात राहिला. बाजेवर बहीणभाऊ जुन्या जीपच्या गोष्टी काढून हसत होते. मी काच खाली करून बसून राहिलो आणि निघेपर्यंत किल्लीला हात लावला नाही.