खुंबरोळीची परीक्षा

आमच्या वैशालीला एक वाईट खोड आहे. माहीत असलं तरी सांगत नाही!

सून म्हणून तिला नावं ठेवायला जागा नाही. (तरी मी ठेवते, ते वेगळं.) ठाण्यातल्या एका शाळेत शिकवते, घरचं करते, आणि भाकरी अशी थापते की आबा, म्हणजे आमचे हे, एक जास्तीची खातात. पण तिला काही विचारून बघा! खालच्या मजल्यावरचा प्रेम सातवीत आहे, तिच्याच वर्गात. तो पुस्तक घेऊन वर येतो, "टीचर, ह्या शब्दाचा अर्थ काय?" आणि ही त्याला काय म्हणते? "तुला काय वाटतं?" अगं बाई, त्याला काही वाटलं असतं तर तो जिना चढून आला असता का?

माझं तसं नाही. मी चौथीपर्यंत शिकले, तीही धड पुरी नाही. पण आमच्या घराण्यात 'माहीत नाही' म्हणायची पद्धतच नाही. कुणी विचारलं की उत्तर द्यायचं. मागे एका माणसाने मला वागळे इस्टेटचा रस्ता विचारला. मी त्याला इतक्या ठामपणे वाट दाखवली की शेजारी उभा असलेला रिक्षावालाही गप्प बसला. आबा नंतर म्हणाले, "अगं, तो आता माजिवड्याला पोचला असेल." मग? माजिवडा काय वाईट आहे? परत आला का तक्रार घेऊन?

तर मुद्द्याचं सांगते. वैशालीने मराठीत एम.ए. केलंय, पण शाळेने तिला दिलाय कार्यानुभव. म्हणजे कागदाच्या पिशव्या आणि काड्यापेट्यांची घरं. पोरगी घरी येते ती डिंक खरवडतच! यंदा सातवीच्या मराठीच्या बाई निवृत्त होणार, तर मुख्याध्यापिका रचना मॅडम तिला म्हणाल्या, "एक काम करून दाखवा. वाचताना अनोळखी शब्द आला की मुलं त्याचा अर्थ कसा लावतात, ते तपासा. नीट झालं तर जूनपासून सातवीचं मराठी तुमचं."

त्या दिवसापासून हिला झोप नाही. शाळेत रंगकाम चाललेलं, एकही खोली शांत नाही. म्हणून ठरलं, की कळव्यात राहणारी तिच्या वर्गातली मुलं शनिवारी सकाळी आमच्या घरी येतील. आतल्या खोलीत एकेकाची परीक्षा, बाकीची हॉलमध्ये. शेवटी रचना मॅडम स्वतः येऊन बघणार.

"आई, तुम्ही फक्त मुलांना बसवून ठेवा," वैशाली म्हणाली. "पेपरातलं काही सांगू नका हं."

"मी काय सांगणार? मला काय कळतं त्यातलं?"

हे मी नम्रपणाने म्हटलं होतं. तिने खरं धरलं, तिथेच सगळं चुकलं!

आत काय चाललं होतं ते मला मागाहून कळलं. पण तुम्हाला ताटकळत ठेवणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून आधीच सांगते. कागदावर एवढंच होतं: 'पंढरीची खुंबरोळी फाटली. त्याने ती खांद्यावरून उतरवली, आईकडे शिवायला दिली आणि पुस्तकं हातात धरून तो शाळेत गेला.' आता खुंबरोळी हा शब्द कुणालाच माहीत असायचं कारण नव्हतं. रचना मॅडमनी तो डोंबिवलीला स्वतःच्या घरी बसून बनवला होता! पोराने पुढचं-मागचं वाचायचं, खांदा, शिवण, पुस्तकं हे जोडायचं, आणि म्हणायचं, दप्तर. कसं ओळखलं तेही मोठ्याने बोलायचं. टीचरने बरोबर की चूक काही म्हणायचं नाही. मोबाईलमध्ये सगळं रेकॉर्ड.

पहिला गेला प्रेम. चांगला 'पिशवी असेल' म्हणाला. पण बाहेर आला तो डोकं खाजवत. सरळ माझ्यासमोर उभा.

"आजी, खुंबरोळी म्हणजे काय हो?"

हॉलमधली सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. आबांनी पेपर खाली घेतला. आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं? पेपरातलं सांगू नका म्हणाली होती. मी पेपर पाहिलासुद्धा नव्हता!

"खुंबरोळी? एवढं माहीत नाही तुला?" मी म्हटलं. "आमच्या महाडकडे नवा जावई आला की करतात. तांदळाच्या पिठाची. आत गूळ-खोबरं."

"मी तर कधी खाल्ली नाही," आबा म्हणाले.

"तुम्ही जावई झालात तेव्हा तांदूळ संपले होते!"

आबा परत पेपरात गेले. दुसरा नंबर सर्वेशचा. तो आत गेला आणि काय बोलला ते रेकॉर्डच आहे.

"टीचर, खुंबरोळी म्हणजे गोड पदार्थ."

"तुला असं का वाटलं?"

"फाटली ना ती. म्हणजे उकडताना फुटली."

"बरं. पुढचं वाक्य वाच. खांद्यावरून उतरवली."

"गरम असणार. खांद्यावर फडकं टाकून आणली असणार."

"आणि शिवायला दिली?"

इथे सर्वेशने ते वाक्य परत मोठ्याने वाचलं. मग म्हणाला, "सारण बाहेर येत होतं, टीचर."

वैशालीला चूक म्हणायची सोय नाही! ती आपली म्हणते, "आणखी सांग."

सर्वेश घामाघूम होऊन बाहेर आला तो माझ्यावरच घसरला. "आजी, ती खांद्यावरून कशी आणतात? आणि शिवतात कशाला?"

मी काय मागे हटते? "अरे, परातीएवढी असते ती! हातात मावेल का? खांद्यावरच घ्यावी लागते. आणि तोंड केळीच्या दोऱ्याने शिवतात, नाहीतर गूळ गळतो."

"मग बरोबर सांगितलं मी!" सर्वेश खूश. पुढची पोरं कान टवकारून बसलेली. त्यानंतर आत जाणारा प्रत्येक जण परात, केळीचा दोरा आणि जावई घेऊनच आत गेला.

कोपऱ्यात क्षिप्रा बसली होती. चष्मा, दोन वेण्या, सकाळपासून तोंडातून शब्द नाही. ती हळूच म्हणाली, "आजी, अशी खरंच असते?"

मला ते लागलं! एवढीशी पोर, आणि ह्या केशरबाईला विचारते खरंच का? मी पदर खोचला आणि उठले. "थांब. दाखवतेच तुला."

तांदळाचं पीठ होतं. खोबरं फ्रिजमध्ये होतं. गूळ किसला. उकड मळली. परातीएवढी काही इडलीच्या भांड्यात बसेना, म्हणून बशीएवढ्या केल्या आणि पोरांना सांगितलं, "ह्या लहान मुलांच्या." आता केळीचा दोरा कळव्यात कुठे शोधू? शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा घेतला आणि प्रत्येक खुंबरोळीला चार-चार टाके घातले. सुई तांदळाच्या उकडीतून काय सुरेख जाते, तुम्हाला कल्पना नाही!

वास गेला शेजारी. कलावती आली. ती रत्नागिरीकडची. तिला नाक खुपसायला निमित्तच लागत नाही, वास आला की पुरे.

"काय शिजतंय, केशरबाई?"

"खुंबरोळी."

तिने भांड्यात वाकून पाहिलं. मी तिचं तोंड बघत होते. क्षणभर ते कोरं होतं, अगदी कोरं! मग म्हणाली, "हां, खुंबरोळी! आमच्याकडे पण करतात. पण आम्ही जायफळ घालतो."

"जायफळ? मग ती खुंबरोळी राहते का?"

"अहो, जायफळाशिवाय तिला काय चव? आमची आजी तर जायफळ नसलं तर पातेलंच ठेवू द्यायची नाही!"

"तुमच्याकडे उशिरा पोचली असेल. मूळची आमची!"

अशी जुंपली आमची! पोरांमध्येही दोन तट पडले. त्यानंतर आत गेलेल्या पोराने रेकॉर्डमध्ये आपणहून सांगितलंय, "काही लोक जायफळ घालतात, टीचर, पण आजींना ते पटत नाही."

शेवटी दार उघडून वैशाली बाहेर आली. केस विस्कटलेले, तोंड उतरलेलं. आत सगळं ऐकून आलेली, पण माहीत असलं तरी सांगायचं नाही, ती खोड इथेही! "आई, मुलांना कुणी काही सांगितलंय का?"

"कोण सांगणार? सकाळपासून मी एकटीच तर आहे इथे!"

ती पुढे काही बोलणार, तेवढ्यात बेल वाजली. रचना मॅडम!

आता आमच्याकडे पहिल्यांदा आलेलं माणूस तसंच बसत नाही. वैशाली "आई, नको" म्हणेपर्यंत बशी मॅडमच्या हातात होती.

"वा, वास छान आहे," मॅडम म्हणाल्या. "काय आहे हे?"

"खुंबरोळी. आमच्या महाडची."

मॅडमचा घास तोंडाजवळच थांबला. "कुठली म्हणालात?"

"महाडची."

"रत्नागिरीलाही होते!" कलावती मागून ओरडली.

मॅडमनी वैशालीकडे बघितलं. वैशालीने जमिनीकडे बघितलं. आबा पेपर घेऊन संडासात गेले. मॅडमनी घास चावला आणि ओठांतून हळूच काहीतरी ओढलं. "ह्यात दोरा आहे का हो?"

"तो काढून खायचा असतो," मी म्हटलं.

मग पोरं घरी पाठवली आणि दोघी आतल्या खोलीत बसून रेकॉर्ड ऐकत राहिल्या. मी दाराशी लसूण सोलत होते. तिथे उजेड बरा असतो. जावई, परात, केळीचा दोरा, परत परात! मॅडम मध्येच खोकायच्या, का हसायच्या, कळत नव्हतं. शेवटचा आवाज क्षिप्राचा होता.

"दप्तर, टीचर. खांद्यावर असतं, फाटलं की शिवतात, आणि ते नाही म्हणून पुस्तकं हातात घेतली. बाहेर आजी गोड पदार्थ म्हणतायत. पण पदार्थ असता तर पंढरीने तो शिवायला कशाला दिला असता? खाल्ला असता."

"मग तू आजींना तसं सांगितलंस का?"

"नाही. पीठ मळून झालं होतं."

माझ्या हातातला लसूण खाली पडला.

"मॅडम, मी पुन्हा करते," वैशाली म्हणाली. "दुसरा शब्द, दुसरी मुलं."

"करावंच लागेल," मॅडम म्हणाल्या. "हे धरता येणार नाही. पण एक लिहून ठेवा. आयता अर्थ हातात आला की पोरं वाचायचं सोडतात आणि वाक्यंच वाकवतात. मराठीचं मात्र नवीन काम बघूनच ठरवीन." जाताना त्यांनी दोन खुंबरोळ्या डब्यात मागून घेतल्या. दोरा काढून द्या म्हणाल्या.

घर रिकामं झालं. वैशाली स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. "आई, तो शब्द मॅडमनीच बनवला होता. खुंबरोळी नावाचं जगात काही नाहीच."

"नाही कसं? मग मॅडम डोंबिवलीला डब्यातून काय घेऊन गेल्या?"

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. "जूनमध्ये परत काड्यापेट्याच चिकटवायच्या मी, आई."

आता माफी मागायची आमच्या घराण्यात पद्धत आहे की नाही, ते मला आठवेना. एक खुंबरोळी उरली होती. तिचे टाके उसवले, बशीत घालून सुनेपुढे सरकवली आणि म्हटलं, "वैशाली, परीक्षा चोख घेतेस तू, मराठी तुलाच मिळायला हवं. फक्त पुढची ह्या घरात ठेवू नकोस. इथं मी असते!"