कालकथित कपिल आणि परक्याचा गुडघा

वसुलीवाल्याला एकदाच काहीतरी सांगायचं आणि विषय संपवायचा, एवढंच कपिल गायकवाडनं ठरवलं होतं. कपिलनं काही ठरवलं की घरात धास्ती पसरते. पण त्या दिवशी बायको मेघा पाण्याला नळावर गेली होती, त्यामुळे अडवायला कोणी नव्हतं.

कपिल साजगावच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये क्लार्क. दोन्ही गुडघे जन्मापासून मूळचेच. पण खोपोलीतल्या एका हॉस्पिटलनं (नाव सांगत नाही; नाव घेतल्याचंही बिल लावतील) दुसऱ्याच कुणा कपिल गायकवाडचा गुडघा बदलला आणि थकबाकी चढवली याच्या नावावर. बिचाऱ्यानं हेलपाटे घातले, अर्ज दिले. शेवटी चिडून काउंटरसमोर, सगळ्या पेशंटांच्या देखत उठाबशा काढून दाखवल्या. काउंटरवरची भाग्यश्री कौतुकानं म्हणाली, "बघा, किती छान झालंय तुमचं ऑपरेशन!"

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण कपिलच्या आईचा, गंगाबाईंचा, उजवा डोळा पूर्वीच गेला होता आणि उरलेल्या डाव्यात मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन सरकारी योजनेत फुकट व्हायचं होतं, तेही याच हॉस्पिटलात. डॉक्टर म्हणत होते, आता थांबू नका. आणि भाग्यश्री म्हणत होती, "घरातल्या कुणाची थकबाकी असली की सिस्टिम तारीखच देत नाही हो." आई चौकट चाचपत घरात फिरायची, चहात साखरेऐवजी मीठ टाकायची आणि तोच चहा कपिल गुमान प्यायचा. आपल्या पायी आईचा डोळा जाणार, या विचारानं त्याची झोप उडाली होती.

अशात हॉस्पिटलच्या वसुलीवाल्याचा रोजचा फोन वाजला.

"कपिल गायकवाड हाय का? शिळफाट्यावरनं निलेश बोलतोय. गुडघ्याचं काय ठरलं?"

कपिलनं आवाज घोगरा केला. "कपिल वारला."

"कदी?"

"आज सकाळीच."

"अरारा! आनि तुमी कोन?"

"मी... शेजारी," कपिल म्हणाला. (स्वतःच्या मरणात शेजारी व्हायची वेळ कुणावर येऊ नये.)

"लई वाईट झालं. कर्ता मानूस गेला. जयभीम," असं म्हणून निलेशनं फोन ठेवला. त्याचा आवाज खरोखरच भरून आला होता. विषय संपला, म्हणून कपिलनं स्वतःची पाठ थोपटली.

आता निलेश हा मनानं चांगला मुलगा, हीच मोठी पंचाईत. वसुलीत पोट भरत नाही म्हणून तो फ्लेक्स छापायचा जोडधंदा करायचा. एरवी ज्याला रोज धमकावलं, तो माणूस मेला, याची त्याला टोचणी लागली. संध्याकाळपर्यंत शिळफाट्याच्या चौकात त्यानं स्वखर्चानं फ्लेक्स लावला: 'कालकथित कपिल कोंडीराम गायकवाड यांना भावपूर्ण आदरांजली.' फोटो कपिलच्या व्हॉट्सअ‍ॅपवरचा, माथेरानला घोड्यावर बसलेला, काळा गॉगल लावलेला. घोड्याचं तोंड कापताना कपिलचा एक कान पण गेला होता. आणि खाली आदरांजली वाहणाऱ्या तमाम कार्यकर्त्यांचे फोटो, ते मात्र कपिलपेक्षा मोठे.

मग काय, चांगली बातमी चालत जाते आणि वाईट बातमी जीपनं जाते. सकाळी कशेळ्याहून शकूमावशी पांढरं लुगडं नेसून आल्या. दारातूनच त्यांनी हंबरडा फोडला.

"कपिल रंऽऽ, मला म्हातारीला ठेवलंस नि तू कसा गेलास रंऽऽ!"

कपिल गडबडून तांब्या घेऊन धावला. मावशी पाणी प्यायल्या, त्यांनी तोंड पुसलं, "बरं वाटलं हो भाऊ," म्हणाल्या आणि पुन्हा रडायला लागल्या. मग वर बघितलं. त्यानंतर जी किंकाळी निघाली तिनं गल्लीतली कुत्री पळाली. आणि कपिल जिवंत आहे याची खात्री पटल्यावर मावशींनी त्याला तांब्यानंच हाणलं.

"जीपचं भाडं दिलंय मी!" त्या म्हणाल्या.

कारखान्यातून साहेबांचा शोकसंदेश आला. त्यातच स्टोअरच्या चाव्या कुठे आहेत, हेही विचारलं होतं. मेघानं तो संदेश दोनदा मोठ्यानं वाचून दाखवला. तिनं शिव्या घातल्या असत्या तर कपिलला बरं वाटलं असतं.

"जातो. कारखान्यात जातो, हॉस्पिटलात जातो, जिवंत असल्याचं सांगून येतो," कपिल रडकुंडीला येऊन म्हणाला. त्यानं चप्पल घातली, तेवढ्यात मेघाचा फोन वाजला. भाग्यश्री होती.

"ताई, फार वाईट झालं. निलेशनं फ्लेक्सचा फोटो पाठवला. आता ते गेलेच म्हटल्यावर त्यांची थकबाकी आम्ही सिस्टिममधून काढून टाकली. आजींची तारीख निघालीय. शुक्रवारी घेऊन या."

(मरणाचा दाखला मिळायला लोक खेटे घालतात. इथे फ्लेक्सवर काम झालं.)

मेघानं फोन स्पीकरवर ठेवला होता, सगळ्यांनी ऐकलं. मग गंगाबाई चाचपत उठल्या, आवाजाच्या अंदाजानं पुढे आल्या आणि त्यांनी कपिलची कॉलर धरली.

"काड ती चप्पल. डोळा हुईस्तवर मेलेलाच ऱ्हा. मंग बगू."

"आये, पण कारखान्यात रजा..."

"मेलेल्याला कोन रजा इचारतंय?"

तर शुक्रवारी कपिल मेघाचा भाऊ म्हणून हॉस्पिटलात गेला. टोपी, मास्क आणि तोंडाला कुलूप. मुलाच्या सहीच्या जागी मेघानं सही केली. भाग्यश्रीनं तिचा हात हातात घेतला, तेव्हा मेघाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. (ते दुःखाचं नव्हतं. हसू दाबून धरलं की येतं ते.) कपिल मात्र बाकावर बसून मनातल्या मनात म्हणत होता, मी मेलेला असलो तरी चालेल, पण आईचा डोळा वाचू दे.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला डॉक्टर आले. फाइल घेऊन भाग्यश्री शेजारी. कपिल समोर उभा.

पट्टी सुटली. गंगाबाईंनी डोळा उघडला, मिचकावला, समोर बघितलं. मग भाग्यश्रीकडे बघितलं.

"आजी, समोर कोण आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोन नाय."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी कपिलला दंडाला धरून पुढे ओढलं. "अहो, मास्क काढा. टोपी काढा. आता? आता कोणी दिसतंय?"

"नाय बा."

"सिस्टर, पुन्हा आत घ्यावं लागेल बहुतेक."

पुन्हा आत म्हटल्यावर म्हातारी दचकली. "दिसतंय, दिसतंय! समदं दिसतंय! प्वाट सुटलंय, मिशी एका बाजूनं वाकडी कापलीय, शर्टाची बटनं वरखाली लावलीत."

कपिलचा जीव भांड्यात पडला. आईला दिसत होतं! त्याला तिथेच हुंदका आला. भाग्यश्री मात्र त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत मोबाइलमध्ये फ्लेक्सचा फोटो शोधायला लागली होती.

"मग आजी," डॉक्टर वैतागून म्हणाले, "मघापासून कोणी नाही, कोणी नाही का म्हणत होतात?"

गंगाबाईंनी लेकाला पुन्हा एकदा नखशिखांत न्याहाळलं आणि उसासा टाकला.

"डाक्टर, एवडा खटाटोप करून डोळा उगडला. मला वाटलं, काय तरी बगन्यासारकं दिसंल."