बाभळीची साल आणि जावयाचे पाय

"सासूबाईंनी यंदा नाकाला पदर लावला, तर मिशी उतरवीन!" कृष्णातनं जाहीर करून टाकलं.

कडेगावकडच्या एका कारखान्यावर तो वॉचमन. बारा-बारा तास पाय बुटात. तीन वर्षांपूर्वी धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीला गेला, तेव्हा जावयाचे पाय धुता धुता साळूबाईंनी नाकाला जो पदर लावला, तो जेवणं होईपर्यंत काढलाच नाही. हा अपमान गडी विसरला नव्हता.

यंदा त्यानं औषध शोधलं. बाभळीची साल उकळायची, त्यात पाय बुडवून बसायचं. वास मुळासकट जातो!

"आवं, लोखंडी घमेल्यात नगा उकळू," बायको मंगल म्हणाली. "मी मेंढक्याची लेक हाय, मला ठावं हाय..."

"तू गप! लोखंडानं ताकद वाढती!"

तासाभरानं पाय बाहेर काढले, तर घोट्यापर्यंत काळेकुट्ट! साबण झाला, राख झाली, तारेची घासणी झाली. पण लोखंडात उकळलेल्या सालीचा तो पक्का रंग, ढिम्म.

"काळं तर काळं! वास गेला का न्हाई?" असं म्हणून पठ्ठ्यानं तेच बूट चढवले आणि मंगलला घेऊन एसटी धरली.

सासुरवाडीत दाराशी बूट काढून पाटावर बसला, ऐटीत पाय परातीत ठेवले. साळूबाई किंचाळल्या, "अगं बया! जावयाला पान लागलं गं!"

आळी गोळा झाली. कुणी जीप आणायला पळालं, कुणी पोटरीला दोरी आवळली.

"साप न्हाई, साल हाय! बाभळीची! आधी वास घ्या!" कृष्णात ओरडत होता. पण पुढं कोण येतंय!

शेवटी सासरे हरिबा उठले. मेंढीचा खूर तपासावा तसा त्यांनी पाय उचलून नाकाशी नेला. "न्हाई. वास न्हाई."

"बघा!" कृष्णातनं मिशीला पीळ भरला. मग वर बघितलं. साळूबाईंचा पदर नाकाला!

"मग वास कशाचा येतोय?" हरिबांनी विचारलं. सगळ्यांनी दाराकडं बघितलं. दाराशी बूट होते.

हरिबांनी ते काठीच्या टोकावर उचलले आणि ओढ्यापल्याड टाकून आले. घरातली एकही वहाण जावयाच्या मापाची निघाली नाही.

परतीच्या एसटीत समोरच्या म्हातारीनं खाली बघितलं. "पाव्हणं, नुसतं काळं मोजं घालूनच निघालासा व्हय?"

"व्हय! पण वास येतोय का, सांगा!"

"न्हाई बा."

कृष्णातनं पुन्हा मिशीला पीळ भरला.

"भरून घ्या," मंगल खिडकीबाहेर बघत म्हणाली. "घरी गेल्याव उतरवायचीच हाय."