टिफिनमधला फोन आणि तेविसावं नाव

डिसेंबरचा दुसरा गुरुवार. हजर: पाचवीची बावीस पोरं, त्यांचे मेश्राम सर, जेवण रांधणाऱ्या शेवंताबाई, तपासणीला आलेले जनशिक्षक, म्हणजे आमच्या हिंदी राज्यातले केंद्रप्रमुख, आणि मी, म्हणजे या शाळेची हेडमॅडम. मेश्राम सरांचा मोबाईलही हजर होता. तो टिफिनच्या सर्वांत खालच्या डब्यात, कच्च्या तांदळात पुरलेला होता.

टिफिनचं आधी सांगते. वरच्या डब्यात पोळ्या, मधल्यात भाजी, खालच्यात फोन. मागे एकदा धानाच्या रोवणीच्या वेळी सरांचा फोन शेतातल्या बांधीच्या चिखलात पडला. कोणीतरी सांगितलं, तांदळात ठेवा. दोन दिवसांनी फोन चालू झाला आणि सरांनी ठरवून टाकलं की फोनची खरी जागा तांदळातच. तांदूळही वासाचा, महागातला चिन्नोरच लागतो.

"सरचा फोन आपल्याहून चांगला तांदूळ खाते," शेवंताबाई म्हणतात.

फोन वाजला की अख्खा टिफिन टेबलावर थरथरतो. सर पोळ्यांचा डबा बाजूला ठेवतात, भाजीचा ठेवतात, फोन काढून त्यावर फुंकर मारतात. तोवर तो बंद पडलेला असतो. मग सगळे डबे क्रमाने परत लावतात. कडी लागली की फोन पुन्हा वाजतो.

वर्गात मोबाईलच्या अ‍ॅपवर वाचन शिकवायचं, असा आदेश आला तेव्हा मला चिंता लागली ती या माणसाची. कारण सरांना बटणांची भीती. "एकदा दाबलं का गेलं, मॅडम," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काय गेलं, कुठे गेलं, ते कधी सांगत नाहीत. पंधरा दिवस ते रोज माझ्या टेबलाशी येऊन विचारत, "हे हिरवं दाबू का?" मी दाबा म्हटलं की, "पक्कं ना? तुमच्या वहीत लिहून घ्या, तुम्ही दाबा म्हटलं म्हणून." मी रोजची कामं वहीत लिहिते आणि संध्याकाळपर्यंत एकेकावर खूण करते, त्यामुळे माझ्या वहीवर त्यांचा फोनपेक्षा जास्त भरवसा.

पण वर्ग त्यांनी सांभाळला, तो त्यांच्या रीतीने. बावीस पोरांत फोन एक. म्हणून सरांनी फळ्यावर खडूने पुरुषभर उंचीचा मोबाईल काढला. वर बॅटरी, मधे धड्याचे शब्द, खाली "आगे" लिहिलेलं बटण. पोराने येऊन शब्द वाचायचा आणि बटणावर बोट ठेवायचं. अ‍ॅपचं काम सर स्वतः करतात. बरोबर असलं तर "शाबास" म्हणतात. चुकलं तर जागेवर गोल गोल फिरतात. नेटवर्क गेलं असं वाटलं तर डोळे मिटून उभे राहतात, आणि पोरांना तेच सगळ्यात आवडतं. सराव झाला की खरा फोन तांदळातून निघतो. सर बटणावर बोट धरून वर्गाला विचारतात, "दाबू?"

"दाबा, सर," पोरं ओरडतात.

"पक्कं?"

"पक्कं."

तेव्हा कुठे बोट खाली जातं.

त्या गुरुवारी जनशिक्षकांसमोर हे सगळं होणार म्हणून मला सकाळपासून जेवण गेलं नाही. सरही दोनदा पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले आणि न पिता परत आले. पण पोरं छान वाचली. जनशिक्षक हसले, फळ्यावरच्या मोबाईलचा फोटोही काढला. मी सुटकेचा श्वास घेणार, तेवढ्यात त्यांनी रजिस्टर आणि फोन शेजारी शेजारी ठेवले.

"मैडम, रजिस्टर में बाईस हैं, ऐप में तेईस?"

मी सरांकडे पाहिलं. सर टिफिनकडे पाहत होते.

"ये फर्जी नाम में आता है. नोटिस सर के नाम से बनेगा. शनिवार तक ठीक कर लीजिए." एवढं सांगून ते पुढच्या शाळेला निघून गेले.

तेविसावं नाव राणूचं होतं. धान कापून झाल्यावर तिचे आईबाप नागपूरला बांधकामावर गेले. बाप टीसी न्यायला आला होता, तिकडे शाळेत टाकतो म्हणाला. टीसीवर सही माझी. रजिस्टरमधून नाव कमी करून मी त्याच दिवशी वहीत खूण केली होती.

"सर, अ‍ॅपमधलं काहून राहू दिलं?"

"तिकडं शाळेत नाही टाकलं तिले. लहान भावाले सांभाळून राह्यली." सरांनी फोन माझ्याकडे केला. "बापाच्या फोनमधी मीच टाकून देलतं हे. जायच्या दिवशी स्टेशनावर. संध्याकाळी बाप कामावरून आला का ती वाचते. वाचलं का इथं नावापाशी हिरवी खूण येते. नाव काढलं तर तिचे धडे बंद."

बटण दाबायला घाबरणारा हा माणूस गाडी सुटायच्या आत दुसऱ्याच्या फोनमध्ये अख्खं अ‍ॅप घालून आला होता. तेव्हा त्यांनी कोणाला विचारलं असेल, दाबू का म्हणून?

मी खुणा पाहिल्या. तेरा धड्यांना हिरवी खूण. चौदाव्यासमोर काही नव्हतं.

"चौदाव्या धड्याला खूण नाही. हे कधीपासून?"

"आठ दिवस झाले. बापाले फोन लावला तर बंद येते." सरांनी चौदाव्या धड्यावर बोट ठेवलं. "घरी बसून पाहतच राहतो, मॅडम. पोरगं पुण्याले, घरची बाई वारली तेव्हापासून घरात दुसरं पाहाले हाय काय? म्हणून वाटते, आज येईन खूण."

सरांच्या निवृत्तीला दीड वर्ष आहे. या वयात नोटीस नको, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी "हौ" म्हटलं, नावावर बोट धरलं आणि "हटाएँ" असं लाल बटण समोर आलं. सवयीने ते वर्गाकडे वळले.

"दाबू?"

बावीस पोरं बसली होती. एकानेही दाबा म्हटलं नाही. 

शेवटी पहिल्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "सर, तिचा चौदावा राह्यला ना."

सर माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा, मॅडम. लिहून घ्या वहीत. दाबू?"

मी फोन पाहिला. बॅटरी एकाहत्तर टक्के होती.

"चार्जिंग कमी आहे," मी म्हटलं. "मधेच बंद पडेल. आज राहू द्या."

सरांनी फोन पुसला, तांदळात ठेवला, त्यावर भाजीचा डबा, त्यावर पोळ्यांचा, आणि कडी लावली. मग फोन वाजेल म्हणून कडीवर हात ठेवून पाहिलं. टिफिन थरथरला नाही.

माझ्या वहीत त्या दिवशी सात कामं होती. सहांवर खूण आहे. सातवं, अ‍ॅपमधून एक नाव कमी करणे, मी शुक्रवारच्या पानावर उतरवलं, सर्वांत खाली.