केंद्र, राज्य आणि गावंडे काकू

गावंडे काकूंच्या घरी टीव्हीचा रिमोट समवर्ती सूचीत आहे.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्यांच्या सोफ्यावर अंग चोरून बसले होते. काकांनी मालिका मधेच बदलून बातम्या लावल्या आणि काकू उसळल्या, "समवर्ती विषय आहे हा! राज्याले विचारल्याशिवाय कसा काय बदलला?"

काका पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "मतभेद झाला तर केंद्राचं चालते. तूच शिकवलं ना पोट्ट्यांले?"

काकू एकदम गप्प. आमच्या आर्णी गावात काकूंना गप्प करणारं हे एकच वाक्य आहे, आणि ते वापरायचा हक्क फक्त काकांना आहे.

मला काहीच समजलं नव्हतं. मी यवतमाळला इंग्रजी शाळेत शिकले. तिथं नागरिकशास्त्र मार्कांपुरतं पाठ केलं आणि पेपरच्या दिवशी वर्गातच सोडून आले. काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळी नोकरीभर तेच शिकवत होत्या. काका टपाल खात्यात होते. एक राज्याची नोकर, दुसरा केंद्राचा. लग्न ठरताना कुणीतरी ही गंमत केली असणार, आणि या दोघांनी ती संसारभर पाळली. केंद्रसूचीत जे येईल ते काका ठरवणार, राज्यसूचीतलं काकू, आणि समवर्ती सूचीत दोघांनीही हात घालायचा, पण भांडण झालं तर शब्द काकांचा. स्वयंपाकघर, पाणी भरणं आणि भाजीवाल्याशी बोलणं राज्याकडे. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार केंद्राकडे, म्हणजे गल्लीतली कुत्री हाकलणं आणि नेरच्या नातेवाइकांचे फोन घेणं.

काकूंचा आवडता प्रश्न म्हणजे, "हे येते कोणाच्या अखत्यारीत?" आमच्या दोन घरांमधल्या भिंतीला लागून कडुनिंब आहे. खोड आमच्याकडे, सावली त्यांच्याकडे आणि पाला नगरपरिषदेच्या नालीत. या झाडावर त्या भिंतीपलीकडून अर्धा तास बोलू शकतात. मी "हो", "हो ना" आणि "अच्छा" एवढंच म्हणते. माझ्यासारख्या कमी बोलणाऱ्या मुलीला असा शेजार परवडतो.

आणि कायदा म्हणजे कायदा. काकू चक्कीवर दळण आणायला जातानाही हेल्मेट घालतात. चक्की दिसते त्यांच्या फाटकातून. कोपऱ्यावरची पोरं ओरडतात, "बाई, दळण आणाले चालल्या का लढाईले?" काकू स्कुटी थांबवतात, काच वर करतात आणि म्हणतात, "कायद्यात अंतर लिहिलं नाही बाबू." काच खाली आणि पुढे.

मागच्या वर्षी काकांच्या पाठीत दुखायला लागलं. मग नागपूरच्या चकरा सुरू झाल्या. त्या आजाराचं नाव त्यांच्या घरात कुणी घेत नाही, म्हणून मीही लिहीत नाही. दिवाळीनंतर काका आतल्या खोलीत कॉटवरच असायचे; टीव्हीही तिथंच हलवला होता. कळ आली की टॉवेलचं टोक दातांत धरायचे, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये. टॉवेलची टोकं पार कुरतडल्यासारखी झाली होती. दोरीवर वाळत घातले की मला आमच्या गच्चीवरून दिसायचे.

मग एक दिवस भिंतीपलीकडून हाक आली, "अवो पोरी, ये बरं इकडे. तुह्यं इंग्रजी घेऊन ये."

फ्रिजवर एक लहानशी बाटली होती. यवतमाळच्या वैद्यांनी लिहून दिलेलं, दुकानातून आणलेलं तेल. त्यांची चिठ्ठी खाली दाबून ठेवलेली. बाटलीवर लिहिलं होतं, विजया.

"विजया म्हणजे काय, मालूम आहे तुले?"

"नाव असतं," मी म्हणाले.

"भांग!" काकू इतक्या हळू म्हणाल्या, की जणू उंबऱ्यात पंचनामा सुरू होता. "वैद्य म्हणते, दुखणं कमी होईन, झोप लागन. मी म्हटलं, पह्यले कायदा पाहीन. केंद्राच्या पेन्शनरच्या घरात केंद्राच्या कायद्याविरुद्ध वस्तू? वाच."

मी फोनवर कायदा शोधला. अशी मराठी मला लिहिता येते, पण कायद्याचं इंग्रजी डोक्यात मराठीत आणता आणता दोन्ही भाषा माझ्या हातून सुटतात. वाचलं, परत वाचलं. मग म्हणाले, "काकू, गांजा म्हणजे त्या झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. बिया आणि पानं जर शेंड्यांसोबत नसतील, तर या कायद्यानं ती गांजा नाहीत."

"मंग पानं कोणाकडे?"

"पानांचं राज्य बघतं, असं दिसतंय. राज्याचा वेगळा कायदा आहे."

काकू खुर्चीत सरळ झाल्या. "म्हणजे झाड एकच. शेंडा दिल्लीचा अन् पान मुंबईचं?"

"हो. म्हणजे, बहुतेक."

"अन् खोड?"

मी पुन्हा पाहिलं. "खोडाबद्दल काही सापडत नाही."

"नगरपरिषदेचं असन," आतून काकांचा आवाज आला. मग बारीक हसणं, आणि हसताना कळ आली असावी, कारण ते मधेच तुटलं. काकू दाराकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे वळून मास्तरणीच्या आवाजात म्हणाल्या, "पुढे."

पुढे आणखी गोंधळ होता. दिल्लीचा कायदा म्हणतो, हे झाड लावायचं नाही. थोडं पुढे गेलं की तोच म्हणतो, राज्याला वाटलं तर राज्य परवानगी देऊ शकतं. आपल्या राज्यानं दिली का, हे मला काही केल्या सापडेना. पानापासून केलेल्या आयुर्वेदिक औषधाचा कायदा तिसराच निघाला.

काकूंनी डोळे मिटले आणि पाठ म्हणायला लागल्या, "सार्वजनिक आरोग्य, राज्यसूची. भांग-गांजावरचं उत्पादन शुल्क, राज्यसूची. औषधं अन् विषं, समवर्ती सूची." डोळे उघडून बाटलीकडे पाहिलं. "एकाच नोंदीत ठेवले त्यायनं. औषधं अन् विषं."

बाटली परत फ्रिजवर गेली. विषय प्रलंबित.

रविवारी अमेरिकेतून परागचा, त्यांच्या मुलाचा, व्हिडिओ कॉल आला. मी निघत होते, पण काकूंनी माझा हात धरून ठेवला. त्यांना साक्षीदार लागतो. पराग वैतागला. "आई, काहून अडवून ठेवलं? इथं आमच्या राज्यात तर दुकानात मिळते, पाटी लावून."

"कायद्यानं?"

"राज्याच्या कायद्यानं, हो. वॉशिंग्टनचा कायदा अजून नाही म्हणते."

काकूंचा चेहरा उजळला. खोटं कशाला बोलू, त्या महिन्यांमध्ये मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. "तिथी बी भांडण आहे? मंग वॉशिंग्टनचे पोलीस पकडत नाहीत?"

"पकडू शकतात. पण पकडत नाहीत."

"अवो ऐकलं का!" काकू आतल्या खोलीकडे बघून ओरडल्या. "तिथचं केंद्र बी तुमच्यासारखंच आहे! नुसतं दटावते!"

"आई, बाबांना दे ना ते," पराग म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. काकूंनी "इकडे रेंज नाही" म्हणून फोन ठेवला. रेंज चांगली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. "आम्ही" म्हणजे काकूंनी मला मागे बसवलं, माझ्यासाठी काकांचं हेल्मेट आणलं आणि बाटली रुमालात गुंडाळून माझ्या मांडीवर दिली. मी जन्मात ठाण्याची पायरी चढले नव्हते. मांडीवर भांगेचं तेल घेऊन, डोळ्यांवर घसरणारं हेल्मेट घालून मी आर्णीच्या चौकातून गेले. कुणी ओळखू नये एवढीच प्रार्थना करत होते. हेल्मेटचा तो एक उपयोग झाला.

ठाण्यात हवालदार शेख काकूंना पाहून ताडकन उभे राहिले. काकूंचे विद्यार्थी. आर्णीत सरकारी खुर्चीवर बसलेल्या निम्म्या माणसांना काकूंनी कधीतरी बाकावर उभं केलेलं आहे.

"बाई! बसा ना. काय झालं?"

काकूंनी बाटली टेबलावर ठेवली. "शेख, औषधं अन् विषं कोणत्या सूचीत?"

शेखांनी टोपी नीट केली. छताकडे पाहिलं. "बाई, मी नापास झालतो ना त्याच्यात."

"म्हणून तर विचारून राह्यली."

त्यांनी बाटली उलटसुलट पाहिली, चिठ्ठी वाचली आणि आवाज खाली आणला. "बाई, वैद्याची चिठ्ठी हाय. दुकानातून घेतलं हाय. लेबल हाय. कायले टेन्शन घेऊन राह्यल्या? घरी सरांले द्या न."

"असं लेखी दे."

"लेखी?"

"ठाण्याचं मत. सही-शिक्क्यानं."

शेखांनी माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. मी हेल्मेटमध्ये होते. "बाई," ते अगदी वर्गातल्या आवाजात म्हणाले, "औषधाले पोलीस लेखी देत नाई. डॉक्टर देते. ते तुमच्याजवळ हाय ना." मग त्यांनी विचारलं, "सर कसे हायत? माह्या नोकरीचा कॉल त्यायनंच आणून देल्ला होता, सायकलवर. सुट्टीच्या दिवशी."

काकूंनी बाटली रुमालात बांधली. बाहेर आल्या आणि स्कुटीची किल्ली दोन वेळा चुकीच्या बाजूनं घातली.

त्या संध्याकाळी काकांना फार त्रास झाला. टॉवेल असूनही आवाज आमच्याकडे येत होता. आई म्हणाली, जा, काही लागलं तर बघ. मी गेले तेव्हा काकू फ्रिजसमोर उभ्या होत्या, हात बाटलीवर, बाटली जागेवर.

मी सहसा कुणाला काही विचारत नाही. पण त्या दिवशी विचारलं. "काकू, चिठ्ठी आहे. लेबल आहे. हवालदार हो म्हणाले. आता कोणाची परवानगी राहिली?"

त्यांनी वळून पाहिलं नाही. "वैद्य काय म्हणाले, ते मी तुले सांगितलंच नाही. म्हणे, बाई, आता नागपूरले नेऊ नका त्याह्यले. हे देत जा, आराम पडू द्या." मग, "हे सुरू केलं म्हणजे बाकीचं बंद, पोरी. जोवर कायद्याचं ठरत नव्हतं, तोवर हे बी ठरत नव्हतं."

इतके दिवस मी शेंडे आणि पानं शोधत होते.

आतून काका म्हणाले, "राज्यसभा संपली का?"

काकू बाटली घेऊन आत गेल्या. मी दारातच थांबले, परत जावं की राहावं ते न समजून. काकू कॉटच्या कडेवर बसल्या आणि पदरानं काकांचं कपाळ पुसलं.

"शेंडा अन् पानाचं काही जमून नाही राह्यलं," त्या म्हणाल्या. "राज्याले ठरवता येत नाही. केंद्र काय म्हणते?"

काकांनी बाटलीकडे पाहिलं, मग काकूंकडे. त्यांना सगळं आधीपासून माहीत असावं. भिंती पातळ आहेत आणि आयुष्यभर त्यांनी लोकांच्या बंद पाकिटांवरून आतली बातमी ओळखलेली होती.

"केंद्राची हरकत नाही," ते म्हणाले. श्वास घेतला. "केंद्र हा विषय राज्याकडे सोपवते. हा बी, अन् बाकीचे बी."

आयुष्यभर काकू जास्त अधिकार मागत होत्या. त्या दिवशी सगळे एकदम मिळाले, तर त्यांनी मान हलवली. नाही, नाही, अशी. तरी हातानं बाटली उघडली, वैद्यांनी सांगितलेले थेंब चमच्यात मोजले आणि काकांच्या ओठांशी नेले. काकांनी तोंड वाकडं केलं. "कडू आहे वो. नक्कीच मुंबईचं."

काकू हसल्या, आणि मग चेहरा भिंतीकडे केला.

थोड्या वेळानं काकांची मूठ सैल झाली. टॉवेल गळून पडला. त्यांनी उशीजवळचा रिमोट चाचपडत काकूंच्या मांडीवर सरकवला. "घे. तुह्यी मालिका लाव. आता हे बी तुह्यंच."

काकूंनी रिमोट उचलला, काकांच्या पंज्याखाली परत ठेवला आणि वर आपला हात ठेवून दाबून धरला.

"समवर्ती विषय आहे," त्या म्हणाल्या. "असा एकट्या केंद्राले सोडता येत नाही."

टीव्ही बंदच होता. दोघंही तिकडेच बघत होते.