तळगिळ्याचं गाव कोणतं?

माणूस अनोळखी असेपर्यंतच त्याच्यावर तलवार उपसता येते, हे युद्धशास्त्राचं मूलतत्त्व सोलापुरातल्या 'सहा पैलू प्रकाशना'ला जरा उशिराच कळलं.

प्रकाशन म्हणजे धुळाप्पामामांची बंद यंत्रमागांची शेड, एक प्रिंटर आणि दहावीतली भाची रुपाली. इथं भूमिकांचे खेळ छापले जातात. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, त्याच्याच तोंडानं बोलायचं, अडलं की फासा टाकायचा. उरलेलं सगळं सूत्रधारानं व्हायचं: दरवाजा, वादळ, राक्षस. प्रकाशनाच्या 'ताज्या घडामोडी' व्हॉट्सॲप गटावर प्रसिद्ध होतात. (सदस्य सत्तावीस. पैकी नातेवाईक एकोणीस, चुकून आलेले सहा.)

घडामोड अशी, की रुपालीनं स्वतः रचलेला 'तळगिळ्या' हा खेळ छपाईसाठी विचाराधीन होता. राक्षसानं गावचं तळं गिळलंय, वीरांनी त्याला हरवायचं. तीनपैकी एका तरी चाचणीत लढाई झाली, तर मुखपृष्ठावर रुपालीचं नाव. नाही झाली, तर मामांचा स्वतःचा 'सरपंच आणि सुरुंग' छापण्यात येईल. रुपालीनं भूगोलाच्या पुस्तकावर सहीचा सरावसुद्धा सुरू केला.

पहिल्या चाचणीला शेजारच्या दगडाबाई (तिरंदाज) आणि निवृत्त मास्तर सिद्रामप्पा (महायोद्धा) बसले. रुपालीनं राक्षस होऊन अशी डरकाळी फोडली, की बाहेरचं कुत्रं पळालं.

दगडाबाईंनी धनुष्य खाली ठेवलं. "कुठलं म्हनायचं तुमी?"

राक्षसाला गाव असतं हे रुपालीला कुठं ठाऊक! "वैरागचा," ती गडबडून म्हणाली.

"आगं बया, वैरागात आमची नणंद हाय की! आडनाव काय?"

घाईत रुपालीच्या तोंडून एक आडनाव निसटलं. (ते इथं देण्याचं कारण नाही.) चहा येईपर्यंत राक्षस सिद्रामप्पांच्या साडूचा चुलतभाऊ निघाला होता.

"आपल्यातलाच की वो," मास्तरांनी तलवार म्यान केली. "पावन्याच्या पोटावर वार करायचा का आता?"

तळं पोटातच राहिलं.

सुधारित नियम तातडीनं जाहीर झाला: 'राक्षसास गाव विचारण्यास सक्त मनाई.' खेळाडूंनी तो काटेकोर पाळला. दुसऱ्या चाचणीत त्यांनी फक्त राक्षसाच्या मामाचं गाव आणि कुलदैवत विचारलं.

"स्थळ लई झ्याक हाय," दगडाबाई मास्तरांच्या कानाशी लागल्या. "सोताचं तळं हाय."

आता एकच चाचणी उरली. मामांनी सहानुभूतीपूर्वक 'सरपंच'चं मुखपृष्ठ प्रिंटरला लावून ठेवलं. रुपाली ते बघत टेबलाशी बसली. यावेळी तिनं डरकाळीही फोडली नाही.

"आडनाव?" दगडाबाईंनी शेंगाचटणीची वाटी पुढं सरकवत विचारलं.

"न्हाय मला."

"न्हाय म्हंजे?"

"आडनाव न्हाय, गाव न्हाय, कुळ न्हाय. तळं परत द्यायला आलोय. कुटं ओतू, सांगा."

मास्तरांनी खुर्ची जराशी मागं घेतली. दगडाबाईंनी वाटी परत आपल्याकडं ओढली.

"काय तरी लपवतंय ते," त्या पुटपुटल्या.

"मारा!" मास्तर ओरडले.

फासे असे धडाधड पडले, की एक टेबलाखाली गेला. तळगिळ्या जागच्या जागी ठार झाला. (पाणी घ्यायचं राहिलं. कुणी विचारलंही नाही.)

चाचणी यशस्वी. मामांनी 'सरपंच' काढून ठेवला आणि चष्मा लावला. "पोरी, पूर्ण नाव सांग, छापतो."

रुपालीनं मागं सरकलेली खुर्ची पाहिली, वाटी पाहिली. "नुसतं रुपाली टाका, मामा."

तसंच छापलं. मुखपृष्ठाचा फोटो गटावर पडताच चुकून आलेल्या सहांपैकी चौघांनी एकाच वेळी विचारलं, "रुपाली कोण? कुणातली?"

वाचकांनी हसायला आमची हरकत नाही. मात्र धुळाप्पा, सिद्रामप्पा ही नावं वाचल्यावाचल्या तुम्हीही मनातल्या मनात एक फासा टाकून मोकळे झालाच आहात. दान काय पडलं, तेवढं गटावर कळवा.